पांढऱ्या ओट्यावरची वर्तुळं

तो ओटा मला पहिल्यापासून आवडला नाही. पांढरा संगमरवर, त्यात करड्या रेघा, खिडकीपासून फ्रिजपर्यंत सलग एकच दगड. त्या घरातल्या मॅडम पाहुण्यांना हॉल दाखवायच्या आधी ओटा दाखवायच्या. "ग्रॅनाइट काय, सगळेच बसवतात," असं म्हणायच्या. माझी आई त्यांच्याकडं सात वर्षांपासून धुणं-भांडी करत होती. ती बाजूला उभी असताना मॅडम पाहुण्यांना सांगायच्या, "फक्त या लोकांच्या हातात द्यायची भीती वाटते."

हे सगळं मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. आमच्या घरात लिहिणारी मी पहिलीच आहे, आणि रागानं लिहिलं की सगळं खोटं वाटायला लागतं, असं मला वाटतं. पण राग आहे. तो काढून टाकला तर सांगण्यासारखं फार उरत नाही.

आम्ही मूळचे पाचोडकडचे. आता पडेगावला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. वडील कंपनीत जातात, आई शहरातल्या एका बिल्डिंगमध्ये तीन घरं करायची. तिन्ही एकाच बिल्डिंगमध्ये, कारण तिला शेअर रिक्षानं एकदाच जावं आणि एकदाच यावं असं हवं होतं. चौथ्या मजल्यावर एक घर, दुसऱ्या मजल्यावर एक, आणि तिसऱ्या मजल्यावर हे मार्बलच्या ओट्याचं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री.

ओटा बसवला तेव्हा दुकानदारानं एक छापील कागद दिला होता. मॅडमनी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. कागद इंग्रजीत होता. मॅडमनी तो आईला एकदा घाईघाईत वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "लक्षात ठेवा मावशी, परत परत सांगणार नाही." आई मोबाइलवर त्याचा फोटो काढून घरी घेऊन आली. मी तिला मराठीत सांगितलं. लिंबू, दही, टोमॅटो, चिंच, व्हिनेगर यातलं काही दगडावर सांडू द्यायचं नाही, सांडलं तर लगेच टिपायचं. पावडर नाही, तारेची घासणी नाही, बाथरूमचं लिक्विड तर अजिबात नाही. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब, मऊ कापड, आणि मग दुसऱ्या कापडानं कोरडं करायचं. आईनं ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि बोटांवर मोजत पाठ केलं.

जुन्या सुती साडीचे तिनं दोन तुकडे केले. एक ओला, एक कोरडा. ते ती त्या घरी ठेवायची नाही, रोज पिशवीतून घरी आणून धुवायची, कारण तिकडं ठेवले तर कोणी तरी त्यानंच कढई पुसेल अशी तिला खात्री होती. हळदीच्या डब्याखाली तिनं स्वतःहून ताटली ठेवली. महिन्यातून एकदा ती दगडावर पाण्याचा थेंब टाकून बघायची. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर ठीक, पसरून जिरला तर दुकानदाराच्या माणसाला बोलवून वरचा लेप पुन्हा द्यायला सांगायचं. हेही कागदावरच होतं. मॅडमना ते माहीतही नसावं. एकदा मी चिडून म्हणाले, "माझा ताप तू इतक्या वेळा बघितला नाहीस."

"तुला काय त्या दगडागत राजस्थानातनं आणलंय का?" आई हसून म्हणाली.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मॅडमचा फोन आला. आईचे हात पिठाचे होते म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"मावशी, माझ्या ओट्याला काय लावलंत तुम्ही?"

"काय झालं ताई?"

"ते मला विचारताय? खिडकीजवळ सगळे गोल गोल डाग पडलेत. पांढरे, खरखरीत. ॲसिड लावलंत का? खरं सांगा."

"नाय ताई. मी कापडानं पुसते फकस्त."

"तुम्ही नाही तर कोण? घरात मी ओट्याला हात लावते का?"

हे त्या स्वतःच म्हणाल्या. घरात त्या ओट्याला हात लावत नाहीत, हे.

त्या दिवशी आई बिल्डिंगमध्ये पोचण्याआधी गोष्ट पोचलेली होती. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "आमच्या ग्रॅनाइटला काही लावत नाहीस ना गं?" आणि आईचं काम होईपर्यंत स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, "दोन-चार दिवस राहू दे मावशी. मी कळवते." मॅडमनी दोन्ही घरी फोन केले होते. आणि आईला म्हणाल्या होत्या, "रविवारपर्यंत डाग काढून द्या. नाहीतर येऊ नका, आणि बाकीच्या दोघींना जे सांगायचं ते मी सांगेन."

म्हणजे तीन घरं जाणार होती. नवीन घरं धरायला कोणाचं तरी चांगलं बोलणं लागतं, आणि आईबद्दल आता या बिल्डिंगमधून एकच बोलणं बाहेर जाणार होतं: दगड खराब करणारी बाई.

आता मी काय केलं ते सांगते. ते सांगायला मला सगळ्यात जड जातंय.

आमच्या घरी काळ्या कडप्प्याचा ओटा आहे. आई त्यावर पिळलेल्या लिंबाची साल घासते, मीठ टाकून. वास जातो म्हणते. तिच्या माहेरी सगळ्याच बायका तसं करतात. आमच्या ओट्याचा मधला भाग त्यामुळं फिका पडलाय, हे मला माहीत होतं. त्या संध्याकाळी मी तिला म्हणाले, "आई, चुकून लिंबाची साल घासलीस का गं तिथं?"

तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं, आणि मी अजून बोलत गेले. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ही प्रॅक्टिकलला ओळखायची पहिली चाचणी तीच करतो, आम्ल टाकलं की फसफसतं, दगड खाल्ला जातो, लिंबातही आम्लच असतं. मी व्यवस्थित समजावून सांगितलं. खरं तर मला बरं वाटत होतं. घरात माझ्या शिक्षणाचा उपयोग असा पहिल्यांदाच होत होता.

"तुला बी तसंच वाटतं?" आईनं विचारलं.

"सवयीनं झालं असेल, असं म्हणते मी."

"मी लावलं असतं तर लावलं म्हणून सांगितलं असतं." एवढं बोलून ती उठली आणि बाहेर जाऊन दोरीवरचे कपडे काढायला लागली. ते अजून ओलेच होते.

रविवारी सकाळी मी तिच्याबरोबर गेले. मोबाइलवर वाचून मी डब्यात खायचा सोडा घेतला होता. त्याचा लेप रात्रभर ठेवला की दगडात जिरलेलं तेल वर येतं असं लिहिलेलं होतं. आईनं डब्याकडं बघितलं पण काय आहे ते विचारलं नाही.

मॅडमनी दार उघडलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ही कशाला?"

"पोरगी आहे माझी. कॉलेजात असते. तिला दगडाचं समजतं," आई म्हणाली. माझ्याबद्दल ती असं बोलली हे ऐकून मला कुठं तोंड लपवू असं झालं.

"बरं. समजतं तर काढा."

स्वयंपाकघरात मॅडमच्या सासूबाई उंच स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या. त्या फुलंब्रीच्या. त्यांची शेती अजून तिकडंच आहे. दोन वर्षांपासून त्या मुलाकडं राहायला आल्यात. त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पुन्हा मेथीत लक्ष घातलं.

मी ओट्यावर वाकून खिडकीच्या उजेडात तिरपं बघितलं. समोरून फार दिसत नव्हतं, तिरपं बघितलं की दिसायचं. पाच वर्तुळं होती. तीन मोठी, एकात एक अडकलेली, आणि दोन लहान. दगडाचा रंग बदलला नव्हता. तेवढ्या रेघेवरची झिलई गेली होती. बोट फिरवलं की तिथं किंचित अडकायचं. म्हणजे हे वरून पडलेले डागच नव्हते. आम्लानं दगड खाल्लेला होता. सोड्याचा डबा मी उघडलाच नाही.

पण लिंबाची साल घासली तर फराटा उमटतो. आमच्या कडप्प्यावर तसाच आहे, हात फिरतो तसा. हे तर गोल होते, कंपासनं काढल्यासारखे. सालीनं वर्तुळ कसं काढता येईल? हा विचार मला घरी बसूनही करता आला असता. फोनवर मॅडम "गोल गोल" असंच म्हणाल्या होत्या, आणि मी ते ऐकलं होतं.

मी कडेला पालथी घातलेली भांडी घेतली. ताट मोठं होत होतं. वाटी लहान. कुकरचं झाकण जवळपास आलं, पण बसलं नाही.

"काय बघायलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"कशाचं भांडं आहे ते बघते, आजी."

"भांड्यानं कुठं दगड झिजतो व्हय?"

तेव्हा मला खिडकीच्या वरच्या फळीवर देवाची भांडी दिसली. तांब्याचं ताम्हन, दोन गडवे, पितळी समई. फार चकचकीत. ताम्हनाची कड बघितली आणि मी काही विचार न करता त्याच्याकडं हात नेला.

"ए! हात लावू नको त्याला!"

सासूबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की मॅडम हॉलमधून पळत आल्या. आईनं माझं मनगट धरून खाली ओढलं. माझा हात ताम्हनापर्यंत पोचलाही नव्हता.

आम्ही बौद्ध आहोत. आई ते लपवत नाही. काम धरताना आडनाव विचारतात, ती सांगते. या घरात पहिल्या दिवशीच तिला सांगण्यात आलं होतं की देवघर आणि देवाची भांडी सोडून बाकी सगळं तिचं. आईनं ते मला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "तेवढंच काम कमी." मी तेव्हा तिच्याशी भांडले होते, की तू असल्या घरात जातेसच कशाला. ती म्हणाली होती, "घर दाखव दुसरं, जाते."

मनगट आईच्या हातात असतानाच मला कळलं, की ही भांडी आई घासतच नाही.

"आजी," मी म्हणाले, "ते... तुम्हीच ठेवून बघता का? त्या गोलावर. पालथं."

"कशाला?"

"बघा ना ठेवून."

मॅडम म्हणाल्या, "काय नाटक लावलंय?" पण सासूबाई हट्टी बाई. त्यांनी हात धुतले, ताम्हन काढलं आणि मधल्या वर्तुळावर पालथं घातलं. कड रेघेवर बरोबर बसली. मग स्वतःच गडवा उचलून लहान गोलावर ठेवला. तोही बसला.

"मग?" त्या म्हणाल्या. "मीच तर ठेवते इथं. दर गुरुवारी घासते. आधी मोरीत बसून घासायचे, आता गुडघं वाकत नाहीत, म्हणून इथं स्टुलावर बसते. चिंचंचा कोळ लावायचा, मीठ टाकायचं, अन् पालथं घालून अर्धा तास सोडायचं. त्याबिगर अशी चकाकी येतीय का? फुलंब्रीला सगळ्या गावात आमच्या देवाची भांडी उठून दिसायची."

"आई!" मॅडम त्यांना म्हणाल्या. "चिंच? मार्बलवर?"

"दगड आहे तो. दगडाला काय होतंय चिंचंनं?"

"मी चार दिवस ओरडतेय घरात! तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला कुठं विचारलंस? तू हिला विचारत व्हतीस."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "तू पुरावे गोळा करायला आली होतीस का गं?"

मी म्हणाले, "तुम्ही डाग काढायला सांगितलं होतं."

"मग काढ ना. निघतात का?"

"नाही निघत. हे डाग नाहीत. वरचा दगडच गेलाय. सगळा ओटा मशीननं घासून पुन्हा पॉलिश करावा लागेल."

हे सांगताना मला आनंद झाला. तो मी लपवणार नाही. मॅडमचा चेहरा बघत मी ते सावकाश सांगितलं, आणि वर हेही म्हणाले की कागदावर चिंच लिहिलेली आहे, चौथ्या ओळीत.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "झालं ते झालं. मावशी, उद्यापासून नेहमीसारख्या या."

तेव्हा आई बोलली. "ताई, तुम्ही दोन घरी फोन केला व्हता."

"हो, मग?"

"तिथं सांगा, मी केलं नाय म्हणून."

"अहो, आता काय घरोघर सांगत फिरू, की माझ्या सासूनं ओटा घालवला? काय म्हणतील लोक? होईल दोन दिवसांत सगळं शांत."

"तुमचं शांत होईल. माझी घरं जातील."

"मावशी, आवाज वाढवू नका."

आईनं आवाज वाढवला नव्हता. ती पुसायची दोन्ही कापडं हातात धरून उभी होती आणि दाराकडं जात नव्हती. मला वाटलं आता मीच काही तरी बोलावं. तेवढ्यात सासूबाई स्टुलावरून उतरल्या आणि कोपऱ्यातली काठी घेतली.

"चल गं," त्या आईला म्हणाल्या. "मी सांगते. मला काय कोणाचं भ्या हाय का?"

"आई, तुम्ही कुठंही जायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

"तू गप बस. माझ्या भांड्यांची गोष्ट आहे. चोरून घासत नाय मी."

आम्ही तिघी लिफ्टनं चौथ्या मजल्यावर गेलो. मला क्षणभर या म्हाताऱ्या बाईबद्दल चांगलं वाटलं होतं, म्हणून पुढचं जास्त लागलं. दार उघडल्यावर त्या काठी आपटून म्हणाल्या, "ऐक. आमचा ओटा मी घालवला, चिंच लावून. हिनं नाय. हिचा काही संबंध नाय. देवाच्या भांड्यांना ही हात लावत नसती. आम्ही लावूच देत नसतो."

शेवटचं वाक्य त्या अभिमानानं म्हणाल्या. आई शेजारीच उभी होती. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा आईकडं, एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "असं होय. बरं झालं सांगितलंत. ये गं तू उद्यापासून, मी उगाच बसत होते खुर्ची टाकून."

दुसऱ्या मजल्यावर त्यांनी तेच सांगितलं. त्याच शब्दांत, त्याच वाक्यावर जोर देऊन. तिथल्या बाईंनी दार पूर्ण उघडलं. "अहो आजी, एवढ्यासाठी तुम्ही खाली उतरलात! आणि बरोबर आहे तुमचं, देवाचं ज्याचं त्यानंच करावं." मग आईला म्हणाल्या, "ये मावशी, ये. चार दिवसांची भांडी पडलीत बघ."

आई आत गेली. पदर खोचला आणि सिंकपाशी उभी राहिली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

मी आणि सासूबाई लिफ्टपाशी उभ्या राहिलो. "तुझी माय काम चोख करती," त्या म्हणाल्या. "मी कधी नाय म्हणलं नाय." मला त्यांना सांगायचं होतं की आत्ता तुम्ही दोनदा तिचा अपमान करून तिला सोडवलंत. मनात वाक्य पूर्ण तयार होतं. पण ते बाहेर आलं असतं तर त्या दोन घरांचं काय झालं असतं, हेही मला कळत होतं, आणि त्यांनाही कळत असावं. लिफ्ट आली. त्या आत गेल्या. मी जिन्यानं खाली उतरले.

खाली पार्किंगमध्ये मी दीड तास थांबले. आई आली तेव्हा तिची बोटं पाण्यानं सुरकुतलेली होती.

"ही दोन घरं राहिली," ती म्हणाली. "मधलं सोडलं मी. आत्ताच सांगून आले."

"काय म्हणाल्या?"

"म्हणल्या, सात वर्षांची माणसं अशी जातात. म्हणलं, व्हय, जातात."

आम्ही रस्त्यापर्यंत चालत आलो. मी म्हणाले, "आई, मी तुला तसं विचारायला नको होतं."

"विचारलंस त्याचं काय नाय," ती म्हणाली. "त्या बी विचारत व्हत्या. मी सांगितलं ते तू ऐकलं नाय."

रिक्षा आली. ती आधी चढली आणि दारापाशीच बसली. मला जागा करून द्यायला ती आत सरकली नाही. मी मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूनं चढले.